बेराच्या खोलीतला तो बुधवार

बुधवार आमच्या रुग्णालयात दिव्यांग बोर्डाचा दिवस. सर्टिफिकेटसाठी आलेल्या एका तरुणाची ऑडिओमेट्री, म्हणजे किमान किती मोठा आवाज ऐकू येतो याची तपासणी, दोन्ही कानांत ९० डेसिबल आली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ७० म्हणजे बहिरेपणा, तेव्हा कागदावर तो पात्र होता. पण ५००, १००० आणि २००० हर्ट्झची सरासरी आणि शब्द ऐकू येण्याची पातळी यांत साधारण दहा डेसिबलपेक्षा जास्त फरक पडत नाही. हा ५० लाच शब्द सांगत होता, तेही अर्धे. 'फुलदाणी' म्हटलं की 'फूल'. खरंच कमी ऐकू येणारा माणूस जिवाचा कान करून बसतो, त्यामुळे आवाज आला की दाबायचं बटण आवाज नसतानाही कधीतरी दाबतो. याने एकदाही दाबलं नाही.

बहिरेपणाच्या सोंगाची अशी शंका आली की बेरा, म्हणजे आवाजाला श्रवणाची नस आणि मेंदू देतात त्या विद्युत लहरी नोंदणारी तपासणी, करावीच लागते. कपाळ आणि कानांमागची कातडी पेस्टने घासायची, इलेक्ट्रोड चिकटवायचे, रोध ५ किलोओहमच्या खाली आणायचा, मग एकेका पातळीला दोन हजार क्लिक. जबडा आवळला की स्नायूंच्या खरखरीत लहरी बुडतात, आणि तो जबडा आवळूनच पडला होता. चार रेकॉर्डिंग फेकून दिली. दिवे मालवले, मानेखाली उशी सरकवली, वाट पाहिली. अखेर आवाज पोहोचल्याची खूण असलेली पाचवी लहर दिसली आणि दोन्ही कानांत ३० डेसिबलपर्यंत टिकली. बहिरेपणा नव्हताच.

बाहेर चौदा महिन्यांचं बाळ होतं. बेराला मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून आईने त्याला पहाटे तीनपासून जागं ठेवून एसटीने आणलं होतं. औषधाने ते झोपलंही, पण यंत्र एकच. मोकळं होईपर्यंत ते उठून बसलं. बालरोग विभागाने दुसरा डोस नाकारला, ते योग्यच केलं. तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. जन्मतः बहिऱ्या बाळाला सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र लागायला हवं, इथे तर निदानच अडलंय. बोर्डाने त्या तरुणाच्या अर्जावर 'अपात्र' लिहिलं. गेलेल्या तासाची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही, याची मला चीड येते.

आता सर्टिफिकेटवाल्यांची आधी ओएई करते, म्हणजे आतल्या कानाच्या पेशींचा प्रतिसाद तपासते, काही मिनिटांचं काम. मात्र ऑडिटरी न्यूरोपथीत, म्हणजे कानाकडून मेंदूकडे संदेश नीट जात नाही तेव्हा, ओएई चांगली येते आणि तरी बोलणं कळत नाही. अशा रुग्णाला खोटं ठरवायचं नसेल तर बेरा टाळता येत नाही. म्हणून सकाळ बाळांसाठी राखून बोर्डाच्या बेरा दुपारी दोननंतर घ्याव्यात, असा अर्ज दिलाय. त्यावर अजून सही नाही, आणि त्या बाळाची तारीख पुन्हा बुधवारचीच आहे.