टर्बो गाडीचा फ्युएल पंप: आधी हिशेब, मग खरेदी

आज उद्यमनगरात एका टर्बो गाडीच्या पंपावरच दिवस गेला. "२५५ लिटरचा (तासाला २५५ लिटर देणारा) टाका की सरळ," एवढ्यावर भागत नाही. डब्यावरचा हा आकडा बहुतेक वेळा ३ बार (दाबाचं एकक) प्रेशरच्या आसपासचा असतो. बेस प्रेशर (बूस्ट नसतानाचं पेट्रोलचं प्रेशर) ३ आणि बूस्ट (टर्बोने वाढवलेलं हवेचं प्रेशर) १ बार असेल, तर पंपाला ४ बारवर ढकलायचंय. प्रेशर वाढलं की फ्लो घटतो, म्हणून पंपाच्या ग्राफवर ४ बारचा फ्लो बघा.

फुल लोडला टर्बो पेट्रोल इंजिन एका एचपीला तासाला अंदाजे २७० ग्रॅम पेट्रोल पितं. २५० एचपी म्हणजे तासाला ९० लिटर. ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, जे थोडं जास्त लागतं) आणि २० टक्के राखीव धरून १२० लिटर, तेही ४ बारवर. एवढ्याला २५५ चा पंप लागतच नाही. उलट टाकीतल्या छोट्या रेग्युलेटरला (प्रेशर ठरावीक ठेवणारा व्हॉल्व्ह) जादा पेट्रोल परत सोडता येत नाही, आयडलला प्रेशर चढतं, गाडी रिच (गरजेपेक्षा जास्त पेट्रोलवर) चालते.

वायरिंगकडे मात्र कुणी बघत नाही! पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवरच मल्टिमीटर लावा. १३.५ ऐवजी ११.५ व्होल्ट दिसले तर नवा पंपही कमीच देणार. अशा वेळी पंपाला थेट बॅटरीवरून लाइन द्या: फ्यूज, रिले, ४ स्क्वेअर एमएमची वायर आणि अर्थिंगही तेवढंच जाड.

टाकीतला पाइप पेट्रोलमध्ये बुडून टिकणाराच घ्या. साधा होज बाहेरून फुगतो, फाटतो आणि प्रेशर टाकीतच जातं.