पवईच्या प्रयोगशाळेत हळदीचे शब्द

मी वाईला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. मराठी विश्वकोशाचं कार्यालय आमच्याच गावात असल्यामुळे नोंद कशी लिहितात, हे आमच्या मुलांना थोडंफार ठाऊक असतं. पण अकरावीतल्या एका मुलीने भर तासाला विचारलं, “मॅडम, ‘मान’ म्हणजे गळ्याची की लग्नातल्या पाहुण्यांचा, हे संगणकाला कोण सांगतं?” मला उत्तर देता आलं नाही. ज्यांना येतं त्यांच्याकडे मुलांना न्यायचं, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

पहिलं पत्र एका विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाला पाठवलं. ‘शैक्षणिक सहलीनिमित्त ५० विद्यार्थ्यांना आपली प्रयोगशाळा पाहण्याची परवानगी मिळावी.’ दीड महिना झाला तरी उत्तर नाही. फोन केला की एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. मला याचं खरंच वाईट वाटलं. पण पत्राची प्रत पुन्हा वाचली तेव्हा दिसलं, की आम्हाला नेमकं काय हवंय ते त्यात कुठेच नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत निदान नळ्या-चंचुपात्रं तरी दिसतात. इथे माणसं पडद्यासमोर बसलेली असतात, आणि ती काय करताहेत ते कोणी शेजारी बसवून सांगितलं नाही तर ५० मुलं खोली बघून परत येणार.

मग मी शोध घेतला. पवईतल्या आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागात भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, २००० सालापासून. तिथेच ‘मराठी शब्दबंध’ तयार झाला. शब्दकोशात शब्द अकारविल्हे लागतात. शब्दबंधात एकाच अर्थाचे शब्द एका गटात बसतात. प्रत्येक गटाला क्रमांक, एका ओळीत अर्थ आणि एक उदाहरण. ‘मान’ हा शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वेगवेगळ्या गटांत येतो. शब्दबंध इंटरनेटवर सगळ्यांना पाहता येतो, म्हणून जायच्या आधी मुलांनी तो वर्गातच उघडून पाहिला. कृष्णाकाठच्या हळदवाल्यांच्या घरची मुलं ती. त्यांनी घरून हळदीच्या कंदाशी निगडित शब्द आणले : हळकुंड, जेठा गड्डा, बगल गड्डा, सोरा गड्डा.

दुसरं पत्र १२ ओळींचं, थेट तिथल्या एका प्राध्यापकांना. आम्ही काय पाहिलं, मुलांचे तीन प्रश्न कोणते, मुलं फक्त १४, आणि चालतील असे दोन शुक्रवार. चौथ्या दिवशी उत्तर आलं. त्यातला एक शुक्रवार त्यांच्या परीक्षेच्या आठवड्यात येत होता, दुसरा ठरला. खोली लहान, तेव्हा सात-सातचे दोन गट करा, असंही कळवलं होतं. पुढचं काम कागदांचं : प्राचार्यांच्या सहीचं पत्र, पालकांची संमतिपत्रं, फाटकावर देण्यासाठी नावांची यादी आणि गाडीचा नंबर. ओळखपत्रं मी आदल्या संध्याकाळीच गोळा करून पिशवीत ठेवली. हे कोणी जाणार असेल तर जरूर करा.

पहाटे तीनला निघालो.

एका संशोधक ताईंनी मुलांना अक्षरशः आपल्या खुर्चीशेजारी बसवलं. त्यांनी हिंदीतला एक गट उघडला आणि त्याच क्रमांकाचा मराठी गट शेजारी मांडला. हिंदीचे गट पाया धरून इतर भारतीय भाषांचे गट जोडले गेलेत. कोकणीचं काम गोवा विद्यापीठात झालं. क्रमांक एकच असल्यामुळे एका भाषेतल्या अर्थावरून दुसऱ्या भाषेतल्या अर्थावर जाता येतं. ‘मान’वाल्या माझ्या त्याच विद्यार्थिनीने लगेच विचारलं, “मग हिंदीत नसलेली गोष्ट असेल तर?” ताई म्हणाल्या, “तर त्या भाषेचा स्वतःचा गट करायचा. पण मला आधी सांग, बगल गड्डा हा हळदीचा प्रकार की हळदीच्या कंदाचा भाग?”

मुलं आपसांत वाद घालू लागली. एकाने फळ्यावर झाडाचा बुंधा काढला, मधे जेठा गड्डा, त्याच्या बगलेला फुटलेले गड्डे, त्यांना हळकुंडं. भाग, असं शेवटी ठरलं. पण बाजारात तेच वेगवेगळ्या भावाने विकले जातात, तेव्हा प्रकारही, असं दुसरा म्हणाला. ताईंनी दोन्ही नाती कशी नोंदवतात ते दाखवलं. पहिल्या सात मुलांचा पाऊण तास दीड तासांवर गेला, दुसरी सात मुलं बाहेर व्हरांड्यात ताटकळली, आणि प्राध्यापकांनी त्यांना आपल्या खोलीत बोलावून ‘मान’चा प्रश्न तिथेच घेतला. शेजारचे शब्द पाहून अर्थ निवडायचा : ‘दुखते’ आलं की गळ्याची, ‘राखला’ आलं की आदराचा. संगणक हेच लाखो वाक्यांवरून शिकतो.

निघताना ताईंनी हळदीच्या शब्दांची यादी मागितली, प्रत्येकाला घरात बोललं जाणारं एक वाक्य जोडून. परतीच्या वाटेवर घाट संपायच्या आत त्या मुलीने आजीला फोन लावला. “आजी, सोरा गड्डा तू कधी म्हणतेस? नीट सांग, मी लिहून घेतेय.”