पांढरीला पांढरा घोडा का दाखवत नाही?

सारंगखेड्याच्या यात्रेत विचारतात, लग्नसराईत फोनवर विचारतात. परवा सिंहगड रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाबाहेरही एकाने विचारलंच: "घरची घोडी पांढरी, मग शिंगरासाठी तिला पांढराच घोडा का दाखवत नाही?"

पूर्वी मी तेच करत होतो.

आपण पांढरा म्हणतो तो घोडा बहुधा सब्जा असतो. शिंगरू काळं किंवा लाल जन्मतं, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पांढुरकी लव तेवढी दिसते. सहा-सात वर्षांत केस पांढरे होतात, खालची कातडी काळीच राहते. (गुलाबी कातडीचा नुकरा वेगळा.) हे जनुक आई-बापांपैकी एकाकडून आलं तरी रंग येतो. दोघांकडून आलं, की त्या घोड्याचं प्रत्येक शिंगरू पांढरंच होणार. तेवढ्यासाठी मी सब्ज्याला सब्जा लावायचो. आमची चांदी नावाची घोडी तशीच झालेली. तिला कुठलाही घोडा दाखवा, पाचही शिंगरं पांढरी.

ती तेरा वर्षांची असताना खरारा करताना शेपटीखाली हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. काळी, टणक. डॉक्टर म्हणाले, सब्ज्यांना होतंच, छेडू नका. मला तेच ऐकायचं होतं. त्या सालीही तिला सब्जा घोडा दाखवला. पुढे गाठींचा घोस झाला, एक फुटली, डांबरासारखं काळं वाहू लागलं. शेवटच्या महिन्यात तिला लीद टाकता येईना. मी हाताला तेल लावून एकेक गोळा बाहेर काढायचो आणि ती मान वळवून बघत राहायची. लाथ एकदाही मारली नाही. सतराव्या वर्षी, दत्तजयंतीच्या आठ दिवस आधी, तिला शेवटचं इंजेक्शन दिलं.

"तेव्हा कुठे माहीत होतं," असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. ते खरं नाही. काकांचे दोन सब्जे असेच गेलेले मी पाहिले होते. उप्सालाच्या संशोधकांनी २००८ साली हे जनुक शोधलं, तेव्हा दोन्हीकडून ते आलेल्या घोड्यांत गाठी जास्त होतात हेही दाखवलं होतं. पंधरा वर्षांपुढच्या सब्ज्यांत ७० ते ८० टक्क्यांना त्या होतात असं सांगतात. सगळे त्यानेच मरतात असं मात्र नाही. कित्येकांच्या गाठी वर्षानुवर्षं तशाच राहतात, आणि माझ्यावर तुटून पडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

आता घरात तिची लेक आहे, बाप कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचा, काळ्या आयाळीचा. तिला कुमैतच दाखवतो. निम्मी शिंगरं पांढरी होतात, त्यांच्यात जनुक एकाच बाजूचं. मग तीही कशाला, असं मुलगी विचारते. तबेला पांढऱ्याच्याच पैशावर चालतो, आणि ही घोडी चालताना चांदीसारखी मान टाकते. यापलीकडे तिला सांगायला माझ्याकडे काही नाही.

परवा त्या वरातीला उभा होता तो चांदीचाच मुलगा, गाठ लागली त्या सालचा. नऊ वर्षांचा. ताशा थांबला तेव्हा मी त्याची शेपटी उचलली. मुगाएवढ्या दोन होत्या. "दादा, काय बघताय?" मालकाने विचारलं. मी दाखवलं. त्याने वाकून पाहिलं, बोट फिरवलं, आणि झूल नीट मागे ओढून घेतली. नवरदेव पायऱ्या उतरत होता.