निगेटिव्हची कड

फिल्मच्या कॅमेऱ्यात नको तिथून उजेड शिरतो आहे हे कोणालाही कळते, कारण छायाचित्रावर तांबूस पट्टा किंवा पांढुरका डाग उमटून ते जाहीरच होते. पण तो उजेड नेमका कुठून शिरतो हे हुडकून काढणे हा स्वतंत्र छंद आहे, आणि जुना कॅमेरा बाळगण्यातली निम्मी मौज मला त्यातच वाटते. पावसाळ्यात कौलारू घरात थेंब एकीकडे पडतो आणि कौल सरकलेले असते भलतीकडे, तशीच ही गळती असते. फरक इतकाच की इथे उजेडाने आपली वाट फिल्मवर लिहून ठेवलेली असते आणि ती वाचायला शिकले की कॅमेरा उघडण्याआधीच बराचसा उलगडा होतो.

पहिला नियम असा की निदान छायाचित्रावरून करू नये, निगेटिव्हवरून करावे. हल्ली लॅबकडून स्कॅन ईमेलने येतात आणि पुष्कळ लोक निगेटिव्ह परत आणायला जातच नाहीत. ‘निगेटिव्ह हव्यात की टाकून देऊ?’ असे काउंटरवरचा मुलगा सहज विचारतो, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. स्कॅन करताना चौकटीबाहेरचा भाग बहुधा कापला जातो, आणि खरी साक्ष नेमकी त्या कापलेल्या भागात असते. कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटरची फिल्म एका धातूच्या चौकटीला टेकून बसते. भिंगाकडून येणारा उजेड त्या २४ बाय ३६ मिलिमीटरच्या खिडकीतूनच तिच्यावर पडू शकतो. म्हणून निगेटिव्ह उजेडासमोर धरून तिची कड पाहावी. निगेटिव्हवर गळतीचा डाग काळा दिसतो. हा काळेपणा चौकटीतच सुरू होऊन चौकटीतच थांबत असेल, तर उजेड पुढच्या अंगाने, म्हणजे भिंग, आरसा किंवा शटर यांच्या बाजूने आलेला असतो. तो चौकट ओलांडून कडेच्या भोकांपर्यंत पसरला असेल, तर संशय पाठीमागच्या झाकणावर जातो. मोबाइलच्या ॲपमध्ये छायाचित्रावर तांबडे पट्टे ओढून देण्याची सोय असते. ते पट्टे मोठ्या शहाणपणाने चेहरा सोडून कोपऱ्यातच पडतात, यावरूनच त्यांचा खोटेपणा ओळखावा.

दुसरी गोष्ट दिशेची. भिंगातून फिल्मवर पडणारी प्रतिमा उलटी असते. तिचे वर-खाली आणि डावे-उजवे दोन्ही पालटलेले असते. त्यामुळे कॅमेरा आडवा धरून काढलेल्या छायाचित्राच्या डाव्या कडेला पट्टा दिसला, तर फट कॅमेऱ्याच्या मागून पाहताना उजव्या हाताला शोधावी, आणि डाग वर असेल तर खालची खाच तपासावी. बहुतेक एसएलआर, म्हणजे भिंगातलेच दृश्य आरशाने डोळ्याला दाखवणाऱ्या, कॅमेऱ्यांत झाकणाची बिजागरी मागून पाहताना उजवीकडेच असते. छायाचित्राच्या डाव्या कडेचा पट्टा इतक्या लोकांच्या रोलवर का सापडतो, याचे उत्तर त्यातच आहे. रंगही बरेच काही सांगून जातो. रंगीत निगेटिव्ह फिल्ममध्ये निळा प्रकाश टिपणारा थर सर्वांत वर, त्याखाली हिरव्याचा आणि पाठीला लागून तांबड्याचा, अशी रचना असते. मागून शिरलेला उजेड आधी या तांबड्या थराला गाठतो, म्हणून छायाचित्रात तो नारिंगी-लाल होऊन उतरतो. पुढून आलेला उजेड बहुधा पांढुरका धुरकटपणा आणतो. कृष्णधवल फिल्मवर हा आधार मिळत नाही, तिथे कडेचीच साक्ष पुरेशी मानावी लागते.

बिजागरीपाशी एवढे बिघडते काय, तर फोम. जुन्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांत उजेड अडवायला झाकणाच्या कडेला खोल खाच असे, किंवा खाचेत काळा धागा बसवलेला असे, आणि तो धागा आजही शाबूत सापडतो. सत्तरच्या दशकापर्यंत जपानी कारखान्यांनी त्या जागी पॉलियुरेथेन फोमच्या पट्ट्या सर्रास चिकटवायला सुरुवात केली होती. हवेतल्या ओलाव्याने या फोमचे रेणू तुटत जातात, आणि दमट उष्ण हवेत ते लवकर तुटतात. १९७६ साली बाजारात आलेले कॅनन एई-१ आणि पेंटॅक्स के१००० यांच्यासारखे कॅमेरे आता पन्नाशीच्या घरात आहेत, त्यांतला मूळ फोम धड उरला असेल अशी आशाच करू नये. माझा कॅमेरा याच पिढीतला, मुंबईत बोरा बझारला घेतलेला. विकणाऱ्याने ‘कंडिशन एकदम टॉप, साहेब’ असे सांगताना शटर दहादा उडवून दाखवले होते, झाकण मात्र एकदाच उघडले होते. बिजागरीजवळच्या पट्टीवर नख टेकवले तेव्हा ती परत फुगली नाही. नखाची खूण तशीच राहिली आणि नखाला डांबरासारखा काळा चिकटा लागला, जो साबणाला दाद देईना.

१२० रोलच्या, म्हणजे कागदाची पाठ असलेली रुंद फिल्म घेणाऱ्या, कॅमेऱ्यांची दुखणी थोडी निराळी असतात. आपल्याकडे एकेकाळी घरोघरी दिसणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीच्या पाठीवर तांबडी काच बसवलेली एक छोटी खिडकी असते आणि तिच्यातून रोलच्या कागदावरचा आकडा वाचायचा असतो. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा उजेड जवळजवळ दिसतच नसे, तेव्हा ही काच पुरेशी होती. नंतरच्या, सगळे रंग टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक फिल्मला तो दिसतो, त्यामुळे कॅमेरा उन्हात पडून राहिला की कधीकधी छायाचित्रावर कागदावरचा आकडाच छापून येतो. अशा वेळी निदानाला काही कष्टच पडत नाहीत. घडीच्या कॅमेऱ्याचा भाता दुमडीच्या कोपऱ्यांवर झिजतो. अंधाऱ्या खोलीत झाकण उघडून आत छोटा टॉर्च पेटवला आणि भाता हळूहळू पसरवला, की कोपऱ्यांतली टाचणीएवढी भोके चांदण्यांसारखी चमकतात. झाकणाच्या फटीसाठी मात्र टॉर्चवर फार विसंबू नये, कारण डोळ्याला सरळ वाटच दिसते आणि उजेड खाचेतून वळणे घेत, काळ्या रंगावर आपटत आत पोचतो.

गळती नसून गळतीचे सोंग घेणारे डागही असतात. रोलची पहिलीच एकदोन चित्रे धुरकटलेली असतील, तर दोष बहुतेक भर उन्हात रोल भरण्याचा असतो. चौकटीच्या एका कडेला पट्टा येतो, पण तो १/१००० सेकंदाला जाड आणि १/६० ला नाहीसा होतो, असे असेल तर शटरचे पडदे एकमेकांशी जुळून धावत नाहीत असे समजावे. सूर्य समोर असताना भिंगात उठणाऱ्या झळाळीलाही पुष्कळ जण गळती म्हणतात. भिंगावर टोपी लावून उन्हात दोनतीन वेळा बटण दाबले आणि डाग तरीही आला, तर झळाळी निर्दोष सुटते.

शेवटची खात्री काळ्या इन्सुलेशन टेपने होते. एका रोलच्या पहिल्या अर्ध्या भागात कॅमेऱ्याला टेप लावू नये, उरलेल्या अर्ध्या भागात फक्त बिजागरीच्या बाजूला टेप लावावी, आणि प्रत्येक चित्रानंतर कॅमेरा थोडा वेळ उन्हात राहू द्यावा, कारण फटीतून येणारा उजेड वेळ मिळेल तितका साठत जातो. माझ्या रोलवर टेपनंतर डावा पट्टा नाहीसा झाला, पण खालच्या कडेला एक फिकट डाग उरला, म्हणजे वरच्या खाचेचाही फोम गेलेला होता. जुना फोम लाकडी टूथपिकने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने खरवडून काढावा लागतो. त्यात संध्याकाळ जाते, आणि त्याचे कण शटरच्या पडद्यावर पडू नयेत म्हणून कॅमेरा पालथा धरून मान वाकडी करावी लागते. खाचांमध्ये मी विणकामाची काळी लोकर बसवली, बिजागरीला मात्र नव्या फोमची पट्टी लावली. पट्टी जाड झाली तर झाकणाची कडी नीट अडकत नाही आणि एक फट बुजवताना दुसरी तयार होते, म्हणून झाकण लावताना जोर द्यावा लागला तर ती काढून पातळ पट्टी लावावी.