बाबांची तपासणी
बाबांच्या अँजिओप्लास्टीला तीन महिने झाले म्हणून आज त्यांना नागपूरच्या धंतोलीत तपासणीसाठी नेले होते. ईसीजी, रक्तदाब उत्तम निघाले. तरीही अंबाझरी तलावाची फेरी न चुकवणारा हा माणूस हल्ली दिवसभर खिडकीशी बसून असतो, हे मी डॉक्टरांना सांगितले. (घरी आम्ही तो पथ्याचा रुसवा समजत होतो.) हृदयविकाराच्या झटक्यानंतर साधारण ५ पैकी एका रुग्णाला नैराश्य गाठते, त्यामुळे औषधे व व्यायाम सुटतात आणि पुढचा धोकाही वाढतो; म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये नैराश्याला जोखीम घटक मानण्याची शिफारस केली, असे ते म्हणाले. मग त्यांनी बाबांनाच विचारले, "गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही, असे किती दिवस गेले?" बराच वेळ गप्प राहून बाबा म्हणाले, "सगळेच."