आमची वाटचाल : बंद घरांचं पाणी

दापोलीला लोक थंड हवेसाठी येतात. आमचा धंदा मात्र कुलपांवर चालतो. हर्णै, मुरुड, आंजर्ले, केळशी या पट्ट्यातली पुष्कळ घरं वर्षाचे आठ-नऊ महिने बंद असतात. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला नाहीतर आंब्याच्या दिवसांत येतो, ओटीवर बॅगा टाकतो आणि पहिला नळ सोडतो. नळ फुसफुसला की फोन आम्हाला.

1998 साली, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली त्या सुमारास, मी आणि दादा यांनी प्लंबिंगच्या कामाला सुरुवात केली. दादा माझा सख्खा भाऊ नव्हे. मुंबईत गिरणीच्या मेन्टेनन्स खात्यात तो पाईप फिटर होता. 1982 च्या संपानंतर गावी आला आणि मिळेल ते काम करत राहिला. येताना त्यानं दोन चीजा आणल्या होत्या, त्या आजही आमच्याकडे आहेत : अर्धा, पाऊण आणि एक इंचाचा डाय-सेट (पाईपाच्या टोकाला आटे, म्हणजे पेच, पाडायचं हत्यार) आणि 18 इंची पाना. हल्लीची पोरं चिकटवायचं सोल्युशन लावून पाईपात पाईप खुपसतात आणि स्वतःला प्लंबर म्हणवतात. दादाकडे पहिलं वर्षभर मी फक्त आटे पाडले. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे बुरा तुटतो. तेलाची धार थांबली तर डायचे दात जातात आणि दादाचं डोकंही. सांधा गळू नये म्हणून त्याला सुतळी आणि सफेद्याचा लेप. टेफ्लॉन टेप त्याला कधीच आवडली नाही. मी ती वापरतो, पण त्याच्यासमोर नाही.

विहिरीच्या लाईनला त्यानं लाल पट्ट्याखेरीज पाईप लावला नाही. पिवळा हलका, निळा मध्यम, लाल जड, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच. जांभ्यातलं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप आतून खातं. सकाळची पहिली बादली तांबूस आली की समजावं, पाईपाचे दिवस भरत आले.

पुढची बरीच वर्षं नीट गेली. सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाईप) आलं, ते शिकलो. दुचाकी झाली, मग टेम्पो झाला.

आणि मग 'फिटिंग फुकट' आलं.

ज्या दुकानातून आम्ही वर्षानुवर्षं माल उचलत होतो, त्याच दुकानदारानं बाहेर फलक लावला : माल आमच्याकडून घ्या, फिटिंग फुकट. नाव लिहीत नाही, तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. आमच्याच बिलांवरून त्याला कळलं होतं की कुठल्या वाडीत कोण घर बांधतंय, कोण न्हाणीघर काढून बाथरूम करतंय. आम्ही यादी देऊन यायचो आणि दुसऱ्या दिवशी त्याची पोरं त्या घरी पोचलेली असायची.

फुकट काही नसतं. मजुरी मालात घातलेली होती. गिझरच्या लाईनला ते एसडीआर (पाईपाचा व्यास भागिले भिंतीची जाडी) 13.5 चा पाईप टाकायचे. आकडा जितका मोठा तितकी पाईपाची भिंत पातळ, हे गिऱ्हाईकाला कोण सांगणार? त्याला 11 पेक्षा 13.5 भारीच वाटतो. आम्ही गिझरला 11 च लावतो, आजही. वर सीपीव्हीसीच्या सांध्याला साधं पीव्हीसीचं सोल्युशन, आणि गच्चीवर यूपीव्हीसी (थंड पाण्याचा कडक प्लास्टिक पाईप) उघडं उन्हात टाकून द्यायचं. चार उन्हाळ्यांत ते असं ठिसूळ होतं की वानरानं एक उडी मारली तरी तुकडे. आमच्याकडे वानरं किती, हे वेगळं सांगायला नको. मी घरोघर जाऊन सांगत होतो. लोक म्हणायचे, "तुमचं गिऱ्हाईक गेलं म्हणून बोलताय." आमच्या नात्यातल्या घरांनीही त्यांनाच बोलावलं.

1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला. दुकानदारानं निरोप धाडला : नवीन बिलं सुरू व्हायच्या आत मागची सगळी बाकी साफ करा, पुढे उधारी बंद. त्या वर्षी चतुर्थी 25 ऑगस्टला होती. म्हणजे आमचा ऐन हंगाम, आणि हातात ना माल ना पैसा. एका नव्या बंगल्याच्या मालकानं आमचे मजुरीचे पैसे अडकवले होते, ते तर अजून यायचेत. बायकोच्या पाटल्या पतपेढीत ठेवल्या. दादानं हापूसच्या पेट्यांचे मे महिन्यात आलेले पैसे न मोजता माझ्यापुढे ठेवले. बाकी फिटली, पण गणपतीला हाताखालच्या पोरांना द्यायला काही उरलं नाही. दोघं सोडून गेले. एक त्याच दुकानात गेला.

त्या वेळी आंजर्ल्याच्या काकू नसत्या तर ही वाटचाल लिहायला मी इथे नसतो. कड्यावरच्या गणपतीच्या वाटेवर त्यांचं घर. काकू निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. पंपाचा फुटवॉल (विहिरीतल्या पाईपाच्या तळाची झडप) बदलायला गेलो होतो. चहा देता देता त्यांनी सगळं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "मेल्या, पंप बिघडला की तू येतोस, त्याचे पैसे आम्ही देतो. बिघडू नये म्हणून का येत नाहीस? नारळ पाडायला माणूस बांधलेला असतो ना, तसा पाण्याला तू बांधून घे." म्हटलं, "काकू, बंद घराचे पैसे कोण देणार?" त्यांनी पाठकोऱ्या कागदावर वाडीतल्या बंद घरांची यादी केली, मुंबई-पुण्यातल्या त्यांच्या माजी विद्यार्थ्यांना स्वतः फोन लावले आणि वर्षाचे पैसे आगाऊ मागितले. मास्तरीणबाईंना नाही कोण म्हणणार! आज आमचं निम्म्याहून जास्त उत्पन्न या वार्षिक देखभालीचं आहे. दुकानदारानं पुढे तीच योजना काढली. चालली नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. टाक्या गच्चीवरून उडून दुसऱ्याच्या पोफळीत पडल्या होत्या, माडाखाली लाईनी चिरडल्या होत्या. बऱ्याच गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. विहीर भरलेली आणि पंप मुका. 'फुकट फिटिंग'ची पोरं लॉकडाऊनमध्ये आपापल्या गावी गेलेली. आम्ही टेम्पोत डिझेल इंजिन पंप टाकून दारोदार टाक्या भरून दिल्या, आधी आमच्या वार्षिकवाल्यांच्या, मग ज्यांनी आम्हाला सोडलं होतं त्यांच्याही. त्या पावसाळ्यानंतर काम परत आलं. पातळ पाईप बदलायचं कामही आमच्याकडेच आलं. 'तेव्हा तुझं ऐकायला हवं होतं' असं मात्र एकानंही म्हटलं नाही. अपेक्षा नाही, पण नोंद असावी.

आता लिहायला बसलोच आहे तर दोन गोष्टी सांगून टाकतो. मे महिन्यात पंप नुसता घरघरला तर लगेच मोटर बदलू नका. हिशेबानं पंप 34 फुटांपर्यंत ओढतो, प्रत्यक्षात 25 च्या पुढे धरू नये. पाणी त्याखाली गेलं की तो हवा खातो. तोच पंप विहिरीतल्या खालच्या टप्प्यावर उतरवला की चालतो. घर बंद करताना मेन कॉक बंद करा, टाकी रिकामी करा आणि ओव्हरफ्लोला जाळी बांधा, नाहीतर बेडूक. बाथरूमच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर खोबरेल सोडा. जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वाकड्या नळीतलं, पाणी लवकर आटत नाही, म्हणून वासही येत नाही आणि झुरळंही. स्क्रू पितळी घ्या, खारी हवा लोखंडी स्क्रू ठेवत नाही. आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान 50 फूट दूर. जागा नाही म्हणून भांडू नका, पाणी तुम्हालाच प्यायचंय.

दादाचे गुडघे गेले, विहिरीत उतरत नाही. तरी संध्याकाळी फोन येतो : "पट्टा लाल होता ना?" माल आता आम्ही खेडहून आणतो, रोखीनं. बंगलेवाल्याला दर दिवाळीला बिलाची प्रत पाठवतो. यंदा गणपतीची कामं नारळी पौर्णिमेपर्यंत सांगा. चतुर्थीच्या आदल्या रात्री फोन केलात तर काकूंची यादी आधी, तुम्ही नंतर.