चोच नीट पाहा

बँकेतून निवृत्त होऊन मला नऊ वर्षे झाली आणि त्यांपैकी सहा वर्षे मी फेसबुकवरच्या पक्षीनिरीक्षकांच्या एका गटात रोज सकाळी तासभर तरी असते. आमच्या वयाची माणसे मोबाइलवर केवळ सुप्रभातची फुले आणि काढ्यांच्या कृती पुढे पाठवत बसतात, असा समज आहे. तो अगदीच खोटा नाही, पण अपुरा आहे, म्हणून हे लिहावेसे वाटले.

त्या गटाशी माझा खरा परिचय एका चुकीमुळे झाला. ऐरोलीहून बोटीने ठाणे खाडीत गेलो असताना, चिखलात उभ्या असलेल्या एका लांब पायांच्या, करड्या पक्ष्याचा फोटो मी काढला आणि घरी आल्यावर ‘ग्रीनशँक’ असे लिहून गटात टाकला. थोड्याच वेळात एका अनोळखी गृहस्थांचे उत्तर आले : “ताई, चोच नीट पाहा. ग्रीनशँकची चोच बुडाशी जाड आणि टोकाकडे किंचित वर वळलेली असते. तुमच्या पक्ष्याची सुईसारखी बारीक आणि सरळ आहे. हा मार्श सँडपायपर असावा.” मी फोटो मोठा करून पाहिला. त्यांचेच बरोबर होते. चूक दाखवूनही मान राखणारे ते ‘ताई’ मला फार आवडले.

ते गृहस्थ नेरुळला राहतात, वय शहात्तर, कारखान्यात फिटर होते. एरवी आमची गाठ पडण्याचे काही कारणच नव्हते. आता मात्र थंडीचे पाहुणे खाडीत उतरू लागले की पहिली बातमी त्यांच्याकडून येते. २०१५ साली या खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तरी बहुतेक ठाणेकर ती ऐरोलीच्या पुलावरून जाताना गाडीच्या काचेतूनच पाहतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गटाचा एक नियम मला विशेष मोलाचा वाटतो : घरट्यांचे फोटो टाकायचे नाहीत आणि घुबडाची जागा सांगायची नाही, कारण फोटोसाठी झालेल्या गर्दीमुळे पक्षी घरटे सोडून जाऊ शकतात. यावरून एकदा बराच वाद झाला, पण नियम टिकला.

गेल्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि माझे खाडीवर जाणे थांबले. त्या महिन्यांत गटातली तरुण मुले रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, स्वतः काढलेले फोटो मला पाठवून विचारत, “ताई, हा धाकटा रोहित की मोठा?” मी खाटेवर बसून चोच पाही, धाकट्याची गडद लाल, मोठ्याची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. निवृत्तीनंतर ‘तुमचे मत काय’ असे मला फारसे कोणी विचारत नसे, आणि ते पुन्हा विचारले जाणे माझ्यासाठी औषधाइतकेच गुणकारी ठरले.

डॉक्टरांनी आता परवानगी दिली आहे. बोट भरतीच्या वेळा पाहून सुटते, म्हणून तारीख अजून ठरायची आहे. बोटीत चढताना मला किती पायऱ्या उतराव्या लागतील, हे नेरुळचे गृहस्थ आधी स्वतः जाऊन पाहून येणार आहेत.